ज्याला ज्याला गुडघे आहेत

माउंट टिर्झा, मँचेस्टर परगणा, जमैका
९ मार्च १९८६

प्रिय आयोनी,

तू बरी असशीलच, आणि नसलीस तरी कळवायची नाहीस, हे तुझ्या थोरल्या बहिणीला ठाऊक आहे. मी मात्र ठणठणीत. काल टेकडीवर यामच्या वाफ्यापर्यंत चढून गेले आणि उतरताना कुणाचा हात धरला नाही. अगं, माझे गुडघे बरे झाले!

आई करायची तेच केलं. पांढऱ्या रमच्या बाटलीत गांजाची पानं दाबून भरली, बूच लावलं आणि आंब्याखाली पुरून ठेवली. बाहेर काढल्यावर रात्री गुडघ्यांना चोळायची आणि सकाळी चमचाभर पोटात घ्यायची. पंधरवड्यात मी माणसात आले. डॉक्टर पार्चमेंटच्या गोळ्या कोंबड्यांना घातल्या असत्या, पण कोंबड्यांची दया आली.

आता देवाने एवढं केल्यावर गप्प बसायचं का? गेल्या रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहिले. पहिल्या कळेपासून सुरुवात केली, आईची आठवण काढली, बाटली कशी भरायची तेही सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "ज्याला ज्याला गुडघे आहेत, त्याने घरी जाऊन हेच करा!" काय सांगू, पत्र्याचं छप्पर दणाणलं. वाश्तीने तीनदा आमेन म्हटलं. म्हाताऱ्या मास हेडलीने काठी आपटली. पास्टर ग्रँटली डोळे पुसत होता. साक्ष लांबली की लोक गाणं धरून माणसाला खाली बसवतात ना, तसं कुणी केलं नाही. लहानपणी मी उभी राहिले की पहिलं गाणं तूच धरायचीस, कार्टे. आता ती छाती इथे कुणाची नाही.

पोलिसठाण्यात एक नवा कॉर्पोरल आलाय, फेगन नावाचा. किंग्स्टनचा आहे. रविवारी खिडकीबाहेर उभा होता. मी हाताने आत बोलावलं, तर नुसता मिशीला हात लावून उभा राहिला. लाजाळू वाटला.

मोठी बातमी शेवटी ठेवलीय. अमेरिकन वकिलातीने व्हिसाच्या मुलाखतीची तारीख दिली, ऑगस्टमधली. एकोणीस वर्षांनी तुझं तोंड बघेन.

आणि हे काय गं, हल्ली तुझं एकेक अक्षर बेडकाएवढं असतं? चार ओळींत पान संपतं. तिकडे कागद फुकट मिळतो का?

तुझी,
इसिल्डा

---

हार्टफर्ड, कनेटिकट
२३ मार्च १९८६

प्रिय सिस,

कागद फुकट नाही. पेन नवीन आहे, जाड टोकाचं. तुझ्या नाकाला सगळीकडे वास कसा येतो?

तुझे गुडघे बरे झाल्याचं वाचून कामावर, नर्सिंग होमच्या स्वयंपाकघरात, मी एकटीच नाचले. पण सिस, हात जोडते, साक्षीत त्या पानाचं नाव परत घेऊ नकोस. श्रेय द्यायचंय तर देवाला दे, झाडाला कशाला? आईच्या वेळी पोलिसठाणं घोड्यावरून दिवसभराच्या वाटेवर होतं. आता ते तुमच्या दुकानासमोर आहे. आणि तो कॉर्पोरल लाजाळू नाही गं. खिडकीबाहेर उभं राहून प्रार्थना कोण ऐकतं?

तुझं बोलणं म्हणजे एकदा सुटलं की सुटलं. मी गाणं धरायचे ते तुला हिणवायला नव्हे, तुझ्या तोंडातून पुढे काय निघेल या भीतीने धरायचे. आठवतं ना, बाबांच्या लपवलेल्या रमची साक्ष?

तुमच्यासाठी सामानाने भरलेलं पिंप या आठवड्यात बोटीवर चढलं. तांदूळ, तेल, साबण, पास्टरसाठी दोन शर्ट, वाश्तीला सपाता आहेत. एका रुमालात बांधलेलं कानातलं यंत्र आहे, ते मास हेडलीला दे. इथली एक म्हातारी वारली, तिच्या लेकीने मला दिलं. हेडली बिचारा किती वर्षं कानामागे हात धरून बसतोय. तुझा आवाज त्याला तसाही ऐकू येतो म्हणा, तुझा तर पलीकडच्या टेकडीलाही येतो. पण बाकीच्यांचंही ऐकू दे त्याला थोडं.

ऑगस्ट लवकर येऊ दे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर हात फिरवत बसते.

तुझी,
आयोनी

---

माउंट टिर्झा
२७ एप्रिल १९८६

प्रिय आयोनी,

पिंप पोचलं. तेल सांडलं नव्हतं. वाश्ती सपाता घालून दुकानापर्यंत दोनदा गेली आणि येताना काहीही विकत आणलं नाही, म्हणजे कशाला गेली ते समज. मास हेडलीने परवा यंत्र कानात घातलं आणि आपल्याच कोंबड्याच्या आरवण्याने दचकून उठला. आता तो रस्त्यात भेटेल त्याला "जरा हळू बोला" म्हणतो. नुसता नखरा.

इकडे पाऊस नाही. लाल माती उडते आणि कपडे दोरीवरच पुन्हा मळतात. कॉर्पोरल फेगनने येऊन माझ्या आंब्याखालची माती खालवर करून दिली, मी न सांगता. बाटली कधीच संपली होती, त्यामुळे त्याला तोंड धुवायला पाणी दिलं आणि चोचो भोपळ्याचं कालवण वाढलं. जेवताना म्हणाला, चव चांगली आहे. मुलगा वाईट नाही, आईने वळण बरं लावलंय.

हो, जुलैमध्ये मला मँडव्हिलला कोर्टात जायचंय. काळजीचं काही नाही. एका खटल्यात त्यांना माझी गरज आहे. माझ्यावाचून तो उभाच राहत नाही म्हणतात. मी निळा झगा घालावा म्हणते, तुझ्या जुन्या पिंपातला.

तुझं पेन बदल बाई. या वेळी पत्ता तिरका गेला होता. पोस्टातली मिस मर्ल म्हणाली, "आयोनी चालत्या बसमध्ये लिहिते का?"

तुझी,
इसिल्डा

---

हार्टफर्ड
१४ मे १९८६

सिस,

"प्रिय" नंतर लिहीन, आधी भांडते.

तुझ्यावाचून खटला उभा राहत नाही! आरोपीवाचून कुठला खटला उभा राहतो गं? वाश्तीची लेक डेलरोझ इथे आमच्याच चर्चला येते, हे विसरलीस? रविवारी तळघरात कॉफी ओतता ओतता ती म्हणाली, "आँटी इसिल्डाच्या केसचं काय झालं?" माझा कप सांडला. मी म्हटलं, कसली केस? तेव्हा तिने सांगितलं की कॉर्पोरलने तुझ्यावर चर्चच्या सगळ्या मंडळीला गांजाच्या गुन्ह्याला चिथावल्याचा आरोप ठेवलाय. आणि तू त्याला कालवण वाढतेस!

मला त्रास नको म्हणून लपवलंस, हे कळतं मला. पण तुला काय समोर आहे ते कळतंय का? कोर्टाने दोषी ठरवलं आणि तुला नुसता दंड करून घरी पाठवलं, तरी कागदावर "गांजा" हा शब्द राहील. तो शब्द असला की वकिलात माणसाकडे मान वर करून बघतसुद्धा नाही. डेलरोझच्या दिराचं तेच झालं. आईच्या मयतीलासुद्धा तो इकडे येऊ शकला नाही. आणि मी तिकडे यायचं म्हटलं तर माझे कागद अजून अडकलेत. एकदा बाहेर पडले तर परत घेणार नाहीत, आणि इथल्या डॉक्टरांवाचून माझं चालणार नाही.

आता डॉक्टरचं बोललेच आहे, तर सांगून टाकते. सिस, पेन जुनंच आहे.

काचबिंदू आहे. दोन वर्षं झाली. कडेकडेने अंधार आत सरकतोय. समोर थाळीएवढं गोल उरलंय, त्यातच कागद धरून लिहिते, म्हणून ओळी तिरक्या जातात. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाला, नाताळनंतरचं मी काही सांगू शकत नाही. मला बाकी काही बघायचं राहिलं नाही गं. बर्फ बघितला, टीव्ही बघितला. त्या थाळीएवढ्या जागेत एकदा तुझं तोंड यावं, एवढंच.

प्रिय सिस, आता तू खरं सगळं लिही.

आयोनी

---

माउंट टिर्झा
८ जून १९८६

माझ्या आयोनी,

तुझं पत्र वाचलं आणि पायरीवरच बसले. चूल विझली तरी उठले नाही. मी बेडूक म्हणाले गं तुझ्या अक्षरांना! जीभ झडो माझी. दोन वर्षं एकटीने काढलीस, आणि मला शर्ट न् सपाता पाठवत राहिलीस. भेटलीस की आधी एक थोबाडीत देईन आणि मग मिठी मारीन.

काचबिंदूवर आई त्याच पानाचा... नाही. नाही लिहीत. बघ, शिकले मी.

आता खरं सांगते. माझ्या घरात पान सापडलं नाही. मी विकलं नाही, कुणाला दिलं नाही. मी फक्त बोलले. मला वाटलं, बोलण्याचा कसला गुन्हा? पण पास्टरने वकील गाठून दिला, लिंडो नावाचा, वाळक्या काटकीसारखा माणूस. तो म्हणाला, "मिस इसिल्डा, गांजा बाळगणं हा एक गुन्हा. दुसऱ्याला 'जा, तू बाळग' म्हणून चिथावणं हा वेगळा गुन्हा. आणि त्याने पुढे काहीच केलं नाही, तरी चिथावणाऱ्याचा गुन्हा होऊन गेलेला असतो."

मी म्हटलं, "अहो, मी लोकांचे गुडघे बरे करत होते."

"हेतू चांगला होता हे मॅजिस्ट्रेट बाई शिक्षा ठरवताना बघतील. पण दोषी तर ठरवतीलच."

"मग सुटायचं कसं?"

त्याने हातातली टोपी फिरवली आणि म्हणाला, "आरोपपत्रात लिहिलंय की तुम्ही मंडळीला चिथावलं. म्हणजे शब्द मंडळीच्या कानात जाऊन पोचायला हवा. माणूस रिकाम्या विहिरीत ओरडला, तर ती चिथावणी होत नाही."

मला हसू आलं. मी म्हटलं, "माझा शब्द पोचला नाही असं माउंट टिर्झामध्ये कोण म्हणेल?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "मी विचारून बघतो." आणि मला बजावलं की कोर्टात मी तोंड उघडायचं नाही, काहीही झालं तरी.

आयोनी, मला ते पटत नाही. कॉर्पोरलने वाश्तीला, हेडलीला आणि पास्टरला साक्षीला बोलावलंय. ती बायबलवर हात ठेवणारी माणसं आहेत, खोटं बोलणार नाहीत. ते खरं सांगणार आणि मी मान खाली घालून बसणार? त्यापेक्षा मीच उभी राहते आणि सगळं पहिल्यापासून सांगते. मॅजिस्ट्रेटही बाई आहे, तिलाही गुडघे असतीलच.

तुझी,
इसिल्डा

---

हार्टफर्ड
२० जून १९८६

प्रिय सिस,

खबरदार उभी राहिलीस तर.

तू एकदा उभी राहिलीस की बाटली भरायची रीत सांगितल्याशिवाय खाली बसायची नाहीस. मॅजिस्ट्रेटलाही "घरी जाऊन हेच करा" म्हणशील. ओळखते मी तुला.

आयुष्यात मी तुझ्याकडे फार काही मागितलं नाही. एक सकाळ मागते. काहीही कानावर पडलं, कितीही जिवाला लागलं, तरी ओठ मिटून बस. मी तिथे असते तर गाणं धरलं असतं. मी तिथे नाही, तर आता तूच मनात धर.

थाळी जरा लहान झाली आहे. घाबरू नकोस, तू अजून मावतेस.

आयोनी

---

माउंट टिर्झा
२० जुलै १९८६

प्रिय आयोनी,

खटला निकालात निघाला. मी सुटले. तू खूश हो. माझी मात्र या गावात तोंड दाखवायची इच्छा उरलेली नाही.

निळा झगा घालून गेले. सगळी मंडळी दोन मिनीबस करून आली होती. मला वाटलं, केवढा जीव आहे यांचा माझ्यावर. आधी कॉर्पोरल उभा राहिला. त्याने माझे शब्द जसेच्या तसे सांगितले, एक अक्षर सोडलं नाही. खरं सांगते, ऐकून मला बरं वाटलं. लिंडोने विचारलं, "तुम्ही मंडळीचे सभासद आहात?" तो म्हणाला, "नाही. मी खिडकीबाहेर होतो." लिंडो म्हणाला, "ठीक आहे. आत काय ऐकू गेलं ते आतल्यांना विचारू."

मग वाश्ती. बायबलवर हात ठेवला. सरकारी वकिलाने विचारलं, "आरोपी काय म्हणाली?" वाश्ती म्हणाली, "सांगता येणार नाही, सर. मी झोपले होते." "झोपला होतात?" "हो सर. सिस्टर इसिल्डा साक्षीला उभी राहिली की मी झोपते. आठवड्यातली तेवढीच झोप मला निवांत लागते." सगळं कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेट बाईने रुमाल तोंडाला लावला.

माझ्या कानांतून वाफ निघायची बाकी होती. तीनदा आमेन म्हणालीस ना गं, भवाने? असं ओरडावंसं वाटलं.

मग मास हेडली. त्याने ऐटीत कानातलं यंत्र काढलं, सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला, "ती उभी राहिली की मी हे काढून खिशात ठेवतो. त्याही दिवशी ठेवलं होतं. देवाने माणसाला एवढी तरी सोय दिली पाहिजे." परत हशा. आणि शेवटी पास्टर ग्रँटली! ज्याला मी तीस वर्षं पहिलं ब्रेडफ्रूट नेऊन देते! तो खाली बघत म्हणाला, "बाईसाहेब, सिस्टर बोलतात तेव्हा मी डोळे मिटून देवाला विनवत असतो, की प्रभू, हिला खाली बसव. शब्दांकडे माझं लक्ष नसतं." सरकारी वकिलाने विचारलं, "इतक्या माणसांत एकानेही ऐकलं नाही?" पास्टर म्हणाला, "सर, आम्ही तिचं ऐकणं कधीच सोडून दिलंय."

आयोनी, मी उठले होते. खरंच, बाकाला हात लावून अर्धी उठले होते. तुरुंग चालला असता, पण हे नको होतं. तीस वर्षं मी यांच्यासमोर काळीज उघडं केलं. बाबा गेले तेव्हा, माझं बाळ पोटात गेलं तेव्हा, तू गेलीस तेव्हा, मी रविवारी उभी राहून यांनाच सांगितलं. आणि हे झोपले होते! मी ओरडणार होते की ऐकलंय यांनी, सगळ्यांनी ऐकलंय. लिंडोचा चेहरा पांढराफटक पडला.

मग तुझी थाळी आठवली. ओठ चावला आणि खाली बसले. मनात गाणं धरलं, तू धरायचीस तेच. मॅजिस्ट्रेट बाई म्हणाल्या, कुणाच्या कानात गेलंच नाही, तर चिथावणी कुणाला दिली? आणि आरोप काढून टाकला. बाहेर सगळे नाचत होते. मी कुणाशी न बोलता बसमध्ये जाऊन खिडकीशी बसले. कॉर्पोरल तेवढा जवळ आला आणि म्हणाला, "मिस इसिल्डा, मी ऐकलं होतं." बघ, या गावात माझं ऐकणारा निघाला तोही पोलीस.

आता दारात रोज काही ना काही ठेवलेलं असतं. पेरू, गुंगोच्या शेंगा, कुणाची तरी पुडिंग. मी हात लावत नाही. पास्टरने सोमवारपासून सगळ्या मंडळीला तीन दिवस कडक उपास सांगितला होता, कारण काही सांगितलं नाही. पावसासाठी असेल. ऐन वाफ्यांच्या कामात हेडलीसारख्या म्हाताऱ्यानेही पाण्याचा घोट घेतला नाही म्हणे. मी गेले नाही. चर्चला जाणंच सोडलंय. साक्ष देणार नाही परत कधी.

वकिलातीतही जावं की नाही, असं वाटतंय. तुझ्याकडे येऊन मी बडबडणार, आणि तूही मनात म्हणशील, प्रभू, हिला खाली बसव.

इसिल्डा

---

हार्टफर्ड
३ ऑगस्ट १९८६

अगं माझ्या वेड्या बहिणी,

तुझं पत्र डेलरोझकडून वाचून घेतलं, दोनदा. पहिल्यांदा मी रडले. दुसऱ्यांदा अर्ध्यातच आम्ही दोघी इतक्या हसलो की वरच्या मजल्यावरच्या बाईने जमिनीवर पाय आपटला. हे मात्र मी माझ्याच हाताने लिहिते, वाकडं तर वाकडं.

सिस, तू साक्ष दिलीस ती मार्चच्या पहिल्या रविवारी. हेडलीचं यंत्र माझ्या पिंपातून पोचलं एप्रिलअखेर. तूच लिहिलंस, कोंबड्याला दचकला म्हणून. मग मार्चमध्ये त्याने कानातून काढलं काय? भोपळा? म्हाताऱ्याला खोटं बोलायची सवय नाही, म्हणून धड बोलताही आलं नाही.

आणि उपास. त्या मंडळीने पावसासाठी कधी उपास केलाय? पावसासाठी आपण गातो. अन्नपाणी सोडून तीन दिवस बसतात ते पापासाठी. बायबलवर हात ठेवून खोटं बोलल्यावर दुसरं काय करतील ती माणसं? कारण सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुझी केस पुन्हा उघडली असती.

तीस वर्षं त्यांनी तुझं ऐकलं नाही म्हणून तुला लागलं. त्यांनी तर तुझ्यासाठी आपल्या देवाशी वाकडं घेतलंय गं. आता जा आणि वाश्तीला विचार. ओरडू नकोस. आणि ती पुडिंग खा, खराब होईल.

वकिलातीत नाही गेलीस तर मी तुझी बहीण नाही.

आयोनी

---

माउंट टिर्झा
२४ ऑगस्ट १९८६

माझ्या आयोनी,

आधी वकिलात. काचेपलीकडच्या साहेबाने विचारलं, "कधी खटला झालाय?" खोटं कसं सांगू? म्हटलं, "झालाय, सुटले." "कशाबद्दल?" "बोलल्याबद्दल, साहेब." त्याने कोर्टाचा कागद वाचला, परत वाचला आणि विचारलं, "असं म्हणालात तरी काय तुम्ही?" मी म्हटलं, "साहेब, कोर्टाने ठरवलंय की ते कुणी ऐकलं नाही. मग मी परत कशाला सांगू?" त्याने मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते. आणि शिक्का मारला!

आता वाश्ती. तुझं पत्र आलं त्याच दुपारी गेले. अंगणात बसून गुंगोच्या शेंगा सोलत होती, पायात तुझ्या सपाता. मी नुसतं विचारलं, "वाश्ती, हेडलीला यंत्र कधी मिळालं गं?"

तिचे हात थांबले. म्हणाली, "हार्टफर्डहून कळलं ना? तुझं तुला कळायचं नाही, हे मला माहीतच होतं."

"म्हणजे तू झोपली नव्हतीस?"

"तुझ्या आवाजात कोण झोपेल, मेले? मेलेला माणूस उठून बसेल." मग तिने परात बाजूला ठेवली आणि एप्रनने तोंड पुसलं. म्हणाली, "लिंडो आला तेव्हा आम्ही सगळे पास्टरच्या घरी बसलो होतो. आयोनीच्या डोळ्यांचं डेलरोझने कळवलं होतं. पास्टर म्हणाला, ज्याला जमणार नाही त्याने आत्ताच उठून जावं. कुणी उठलं नाही, इसिल्डा. त्या दिवसापासून पास्टरने प्रभुभोजनाची भाकर स्वतःच्या तोंडात घातलेली नाही. आम्हाला वाढतो आणि आपण मागे उभा राहतो. नाताळपर्यंत घेणार नाही म्हणाला. आमचं देवाशी आम्ही बघून घेऊ. तू जा आणि बहिणीला भेट."

मी काही बोलले नाही. हो, मी! मग ती शेंगांकडे बघत, माझ्याच आवाजात, माझ्यासारखा हात हलवत बोलायला लागली: "'बस वळणावर गेली आणि दिसेनाशी झाली. पण खिडकीतून काढलेला तिचा पिवळा रुमाल अजून माझ्या डोळ्यांत हलतोय. प्रभू, तो रुमाल थांबवू नकोस.'" तू गेलीस त्याच्या पुढच्या रविवारची साक्ष होती ती, आयोनी. एकोणीस वर्षं झाली. मला स्वतःला आठवत नव्हती. तिला शब्द न् शब्द पाठ. आम्ही दोघी परात मध्ये ठेवून रडलो, आणि शेंगा खारट झाल्या.

आज रविवार. चर्चला गेले. साक्षीची वेळ झाली आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हेडलीने यंत्र कानात नीट खुपसलं. मी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि काही बाहेरच पडेना. एवढंच म्हणाले, "तुम्ही ऐकलंत." आणि खाली बसले. इतका मोठा आमेन या चर्चमध्ये मी कधी ऐकला नव्हता. कॉर्पोरल आज आत येऊन बसला होता, मागच्या बाकावर.

सहा सप्टेंबरला, शनिवारी, पोचते. पास्टर रोस्ट केलेलं ब्रेडफ्रूट देतोय, वाश्ती पुडिंग देतेय. बाटली आणत नाही, घाबरू नकोस. पिवळा रुमाल बांधीन आणि अगदी तुझ्या समोर, त्या थाळीत येऊन उभी राहीन. घाई करू नकोस. मन भरेपर्यंत बघ, मी हलणार नाही.

आणि पुढे जेव्हा ती थाळीही मिटेल, तेव्हा मी तुझ्याशेजारी बसून आपलं गाव सांगेन. वळण कसं दिसतं, आंब्याला मोहर किती आला, हेडलीचा कोंबडा कुठे उभा आहे, वाश्तीने अंगात काय घातलंय, सगळं पहिल्यापासून. एकही गोष्ट सोडणार नाही. खूप लांबेल, सांगून ठेवते.

तेव्हा गाणं धरू नकोस गं.

तुझी,
इसिल्डा